वॉर्डनबाईंचा रविवार

वॉर्डनबाईंना मनातल्या मनात वाचता येत नसे. हातात पडेल ते मोठ्याने वाचायचं, उभ्याने वाचायचं, आणि जमलं तर चालता चालता वाचायचं. स्तोत्र असो, विजेच्या बिलामागचा बारीक मजकूर असो की साबणाचं वेष्टन असो, आवाज तोच. धारच्या त्या मुलींच्या वसतिगृहात फाटकापासून हातपंपापर्यंत एक पायवाट पडली होती, ती त्यांच्या वाचनाने पडलेली. "कानावरून गेलेलं डोकं परत पाठवत नाही," असं त्या म्हणायच्या. डहीकडून, सरदारपूरकडून आलेल्या मुलीही मग तशाच वाचत. संध्याकाळी त्या अंगणात उभं राहिलं की भूगोल, बीजगणित आणि बायबलातली पौलाची पत्रं एकमेकांना धडकत फिरताना दिसायची.

आणि अध्याय अर्धा सोडायचा नाही. लाईट जावो, डाळ करपो, दारात कुणीही येऊन उभं राहो, बाई एक हात वर करून त्याला थांबवणार, अध्याय संपवणार, मग काय ते विचारणार. मलाही पहिल्या दिवशी असंच ताटकळत ठेवलं होतं.

मी मूळची देवासची. वडील जळगावकडून कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी. कॉलेज संपता संपता मी एका संघटनेत शिरले आणि तिने मला धारला धाडलं, वसतिगृहांतल्या मुलींची हालत बघायला आणि पत्रकं वाटायला. बाईंनी फाटकाच्या गजांतून माझं हिंदी पत्रक घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत वाचून काढलं. रस्त्यावरचे दोन सायकलवाले थांबून ऐकायला लागले.

"'छात्रावास या जेल?'" त्यांनी मथळा पुन्हा एकदा वाचला. "आत येऊन पाहिलंस का?"

"तुम्ही येऊ द्याल तर पाहीन."

"मग आधी पाहायचं, नंतर छापायचं." कमरेची किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं. "आणि एवढं ओरडू नकोस, पोरी. तुझ्या पत्रकात सगळे मिळून ओरडतात. एकटं कुणी बोलतच नाही."

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली'. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

आत जाऊन मी पाहिलं ते असं. जेवण बरं होतं, मुली हसत होत्या, आणि कैदी कुणी असेल तर ती बाईच होती. त्यांचे वडील नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलेले. बाईंचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि चर्चच्या मंडळीने त्यांना या वसतिगृहावर बसवलं. अकरावी पास, पगार बेताचा, राहायची खोली आतच. रात्री बाहेर राहायचं नाही, रविवारची उपासना सोडली तर दिवसाही फाटक सोडायचं नाही. बाजार स्वैपाकाच्या शांतामावशी करत. भावाच्या मुलांचे बाप्तिस्मे देवासला झाले, त्यांचे फोटो बाईंनी फाटकावर पोस्टमनच्या हातून घेतले. किल्ली कमरेला, म्हणून लोकांना वाटे बाई मालकीण आहे. मुली निदान उन्हाळ्यात घरी जायच्या. बाई उन्हाळ्यातही कुलूप सांभाळायच्या.

आणि अशा बाईला वसतिगृह चालवणाऱ्या चर्चच्या समितीने नोटीस काढली की यापुढे वॉर्डन पदवीधर हवी. तीन वर्षांत पदवी आणा, नाहीतर खोली रिकामी करा. समितीचे सेक्रेटरीसाहेब स्कूटरवरून येऊन हे फाटकातच सांगून गेले, आत आलेसुद्धा नाहीत. माझं डोकंच फिरलं. बाईला फाटकाबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही आणि वर विचारायचं, तुम्ही कॉलेजात का नाही गेलात? मी तिथल्या तिथे पत्रकाचा मजकूर सांगायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला.

"माझ्यावर पत्रक काढायचं नाही. मी शिकते."

शिकणार कशा? पत्राने शिकायचे अभ्यासक्रम होते, पण त्यांचे वर्ग रविवारी भरत. नोकरीवाल्यांना रविवार मोकळा असतो, असा त्यांचा हिशेब. बाईंना रविवार मोकळा नव्हता, तो प्रभूचा होता. त्या दिवशी उपासना, शास्त्रवाचन आणि विसावा. पुस्तकाची परीक्षा तर लांबच, बाई रविवारी सुईत दोरासुद्धा ओवत नसत. मग वसतिगृहातून शिकून गेलेली आणि आता परदेशात नर्स असलेली एक मुलगी मदतीला आली. तिने तिकडच्या एका ख्रिस्ती कॉलेजचं माहितीपत्र पाठवलं. इंटरनेटवरून पदवी. फी मी भरते, म्हणाली. बाईंनी ते माहितीपत्र पायवाटेवर चार फेऱ्या मारत वाचलं. नोकरी, घर आणि मंडळी सांभाळून शिकू पाहणाऱ्या प्रौढ विश्वासणाऱ्यांसाठी, असं त्यात होतं.

"प्रौढ म्हणजे मीच की," बाई म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

सेक्रेटरीसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "कुठलीही चालेल. हमें तो ग्रॅज्युएट से मतलब." आणि मेहेरबानी म्हणून शनिवारी दुपारी दोन ते पाच बाहेर जायची परवानगी दिली. एवढी वर्षं राबलेल्या बाईला आठवड्यातून एक दुपार. जेलात मुलाखतीला तरी याहून वेगळं काय देतात?

धारमध्ये तेव्हा सायबर कॅफे नवे नवे निघत होते. आमचा कॅफे गोलू भियाचा; भैयाला माळव्यात भिया म्हणतात. प्लायवूडच्या खणांना पडदे लावलेले, आणि पडद्याआड कॉलेजची पोरं काय बघत ते गोलू भियाला आणि देवाला ठाऊक. बाईंनी पहिल्याच दिवशी आपल्या खणाचा पडदा काढून घडी करून त्याच्या टेबलावर ठेवला.

"लपून शिकायला मी काय चोरी करतेय?"

मग वाचन सुरू झालं. मिशनच्या शाळेतलं ठाशीव इंग्रजी, खणखणीत आवाज, आणि धडा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासाचा. शेजारच्या पडद्यांआड चिडीचूप झालं.

"आंटी, थोडा धीरे," गोलू भिया काकुळतीला आला. "ग्राहक डरते हैं."

"धीरे पढूंगी तो मेरे को समझेगा नहीं, बेटा. और जो डरते हैं, उनको डरने दे."

पोरं शनिवारी दुपारी यायची बंद झाली. गोलू भियाने बाईंना मात्र कधी येऊ नका म्हटलं नाही. पुढे पुढे तोच आधी विचारायचा, "आंटी, आज कौन सा चॅप्टर?"

शनिवारी धडे छापून आणायचे आणि आठवडाभर पायवाटेवर वाचायचे, असा त्यांचा अभ्यास. "या वयात डोकं म्हणजे भरलेलं कपाट," त्या म्हणायच्या. "नवं ठेवायचं तर जुन्याची घडी करावी लागते." शिकलेलं रोज संध्याकाळी पोळ्या लाटणाऱ्या शांतामावशींना सांगायचं. शांतामावशींना समजलं तर आपल्याला समजलं. मावशी न शिकलेल्या आणि तोंडाने तिखट. एकदा ऐकून ऐकून म्हणाल्या, "बाई, तुमचा तो रोमचा राजा मेला का एकदाचा? परवापासून मरतोय."

मलाही त्यांनी सोडलं नाही. मला मराठी धड वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू बोलतेस मराठीत, लिहितेस हिंदीत आणि भांडतेस माळवीत. एक काहीतरी नीट कर." त्यांच्याकडे मराठी पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गायनाचं पुस्तक. त्यांतून मी अडखळत वाचायला शिकले. धर्म मी घेतला नाही, त्यांनी द्यायचा प्रयत्नही केला नाही. मराठी मात्र घेतली. हे मी मराठीत लिहिते आहे ते त्यामुळेच.

पण मला त्यांचं सगळं पटत होतं असं नाही. एका रविवारी मी गेले तर फाटकाबाहेर मातीत एक माणूस उकिडवा बसलेला. डहीच्या रेवलीचा बाप. दोन गाड्या बदलून आला होता, भाजलेल्या मक्याची पुरचुंडी घेऊन. रेवली गजांच्या आतून त्याच्याशी बोलत होती. रविवारी उपासनेला जाण्यापलीकडे फाटक उघडायचं नाही, भेट शनिवारी, असा बाईंचा नियम. मका गजांतून आत गेला, बाप बाहेर राहिला.

"बाई, त्याला शनिवारी मजुरी असते," मी म्हटलं. "रविवारीच सुट्टी मिळते."

"रविवार सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या.

"सारखा कसा? तुम्ही आत विसावा घेताय आणि तो धुळीत बसलाय."

पाण्याचा तांब्या मात्र बाईंनी स्वतः गजांतून दिला. त्या दिवशी आमचं भांडण झालं आणि पुढचे दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही.

तिसऱ्या वर्षी शेवटची परीक्षा आली. कॉलेजने एक आठवडा दिला होता. त्या आठवड्यात केव्हाही संगणकावर बसा, उत्तरं लिहा, पाठवा. अर्धी झाली तर पुढे सुरू करता येईल, पण आठवड्यातच. बाईंच्या वाट्याला आठवड्यातला शनिवारच येणार. आम्ही दोनच्या ठोक्याला गोलू भियाकडे हजर. बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि प्रश्न मोठ्याने वाचायला घेतले. अर्ध्या वाटेवर लाईट गेली. त्या दिवसांत मध्य प्रदेशात लाईट जाणं ही बातमी नव्हती, पण गोलू भियाचा इन्व्हर्टरही तासाभरात बसला. पाच वाजले. बाई उठल्या.

"बाई, थांबा. येईल लाईट."

"पाच म्हणजे पाच."

परतताना आम्ही हिशेब केला. तिकडचं घड्याळ आपल्या मागे. आपल्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा तिकडे शनिवारची रात्र, आणि आपल्याकडे सोमवारची सकाळ असते तेव्हा तिकडे अजून रविवारची रात्र. म्हणजे त्यांचा आठवडा आपल्या सोमवारी सकाळपर्यंत पुरतो. बाईंचा चेहरा उजळला. "बघ, देवाने तिकडचा रविवार माझ्यासाठी लांबवून ठेवलाय. सोमवारी सकाळी शांतामावशीला फाटकावर बसवते आणि जाते."

मला भरवसा नव्हता. सोमवारी पुन्हा लाईट गेली तर? रविवारी सकाळी मी ऑटो घेऊनच फाटकावर गेले. मुली पांढऱ्या ओढण्या घेऊन उपासनेच्या रांगेत उभ्या होत्या.

"बाई, आत्ता चला. गोलू भियाने कॅफे उघडून ठेवलाय. लाईट आहे. मुलींना चर्चमध्ये मी नेते, मी परत आणते."

बाईंनी किल्ली कमरेवरून काढली. मला वाटलं, आल्या. त्या किल्लीकडे बघत उभ्या राहिल्या.

"या पोरींना इतकी वर्षं मी काय सांगितलं? रविवारी कपडे धुवायचे नाहीत, गणितं सोडवायची नाहीत. रेवलीच्या बापाला बाहेर बसवलं. त्यांच्या रविवारला कुलूप लावलं ते मीच. आज माझं काम निघालं तर माझ्यापुरतं उघडू?"

"नियमच चुकीचा होता, बाई."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण चालवला मी." आणि रांगेच्या पुढे जाऊन चालायला लागल्या. ऑटोवाल्याने मला विचारलं, "मॅडम, जाना है कि नहीं?"

सोमवारी सकाळी, समितीला न विचारता, किल्ली शांतामावशींच्या हातात देऊन बाई बाहेर पडल्या. न विचारता बाहेर पडायची ही इतक्या वर्षांतली पहिलीच वेळ. ऑटोत त्या माझा हात धरून बसल्या होत्या. लाईट होती. संगणक सुरू झाला. कॉलेजचं पान उघडलं आणि त्यावर प्रश्नांच्या जागी चार ओळी आल्या. बाईंनी त्या मोठ्याने वाचल्या, कारण दुसरं त्यांना येतच नव्हतं. आज प्रभूचा दिवस आहे, आमचे सर्व विभाग विश्रांतीसाठी बंद आहेत, या आठवड्याच्या परीक्षा शनिवारी मध्यरात्री संपल्या, आपणही आपल्या कुटुंबासह विसावा घ्यावा, असा मजकूर होता.

बाई पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या आणि पुन्हा शेवटपर्यंत वाचत आल्या. गोलू भियाने विचारलं, "क्या हुआ आंटी?"

मी बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. असलं कसलं कॉलेज, आणि ख्रिस्ती म्हणवून घेतात, असं बरंच. बाईंनी हात वर केला.

"त्यांचाही रविवार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. मला वाटलं, रविवार पाळणारी मी एकटीच." मग उठता उठता, "मी माझ्या रविवारासाठी अडून बसले. आता त्यांच्या रविवारावर कोणत्या तोंडाने चिडू?"

"मग मी चिडते."

"तू चीड. तुला सवय आहे."

परत आलो तर फाटकाशी स्कूटर उभी. सेक्रेटरीसाहेबांना सकाळीच कुणीतरी कळवलं होतं. विनापरवानगी फाटक सोडलं, पदवीही नाही. त्यांना दोन कारणं लागत नव्हती, एक पुरलं असतं. कॉलेजने मेलला उत्तर दिलं, सौजन्यपूर्ण, की पुढच्या सत्रात पुन्हा बसता येईल. पुढचं सत्र समितीच्या मुदतीबाहेर होतं. नवी पदवीधर वॉर्डन महिनाअखेर येणार, असं ठरलंही. मी म्हटलं, धरणं देऊ, पत्रक काढू, मुलींच्या बापांना बोलावू. बाई म्हणाल्या, "मुलींच्या बापांना बोलाव."

मी बापांना बोलावलं तो बाईंचा तिथला शेवटचा रविवार. उपासनेहून परत आल्यावर बाईंनी फाटकाला कुलूप लावलं नाही. दोन्ही दारं उघडी टाकली, खुर्ची मध्ये घेतली आणि मुलींना सांगितलं, "मी माझा रविवार पाळते. तुमचा तुम्ही बघा." मुली आधी घाबरल्या. मग एकीने ओढणी धुवायला घेतली, ती बाईंकडे बघत बघत. दोघी-तिघी वह्या घेऊन बसल्या. रेवलीचा बाप आत आला आणि लिंबाखाली बसला. बसला तो अगदी कडेला, अर्धा उठल्यासारखा. आत बसायची सवय नव्हती त्याला. बाईंनी त्याला तांब्या नेऊन दिला आणि खुर्चीत परत येऊन मोठ्याने शास्त्र वाचत राहिल्या. संध्याकाळपर्यंत एकही मुलगी पळून गेली नाही. हे समितीला कुणी सांगितलं नाही, सांगूनही फरक पडला नसता.

बाई देवासला भावाकडे गेल्या. औद्योगिक भागामागचं दोन खोल्यांचं घर. वहिनीला अर्धांगवायू झालेला, भाऊ पाळीला जाणारा. बाई आल्या म्हणून दोघांनी देवाचे आभार मानले, आणि का मानले ते मला तिथे जाताच दिसलं. अंथरूण, भांडी, औषधं, पुन्हा अंथरूण. मी माहेरी गेले की भेटून यायचे. वर्षभराने गेले तेव्हा भाच्याच्या संगणकावरून त्यांनी परीक्षा दिली होती, बुधवारी, आणि पास झाल्या होत्या. समितीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की इंटरनेटवरच्या पदव्या समिती ग्राह्य धरत नाही.

"मग तीन वर्षं 'कुठलीही चालेल' म्हणत होते ते काय होतं?" मी ओरडलेच. "आणि तुम्हाला आधीच माहीत असतं, तर दिली असतीत परीक्षा?"

"दिली असती," बाई म्हणाल्या. "अध्याय अर्धा राहिला होता."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "सलाम, पत्रकवाली. सावकाश जा," म्हणाल्या, आणि त्यांचा हात कमरेशी गेला, किल्ली चाचपायला. "थांब, उघडते."

दार उघडंच होतं. आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो. आतून वहिनींनी हाक मारली, "वन्सं, ओ वन्सं." बाई वळल्या आणि आत गेल्या.